वस्तीतली अभ्यासिका, साडेपाचची प्रार्थना आणि माझा शनिवार

चेंबूरकरीण
नमस्कार मंडळी. चार वर्षांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये राहतात. झोपडी प्रकल्पात गेली, बदल्यात 225 चौरस फुटांचं घर मिळालं. घर पक्कं आहे, पण खालच्या मजल्यावर आहे. समोरची इमारत इतकी जवळ की भर दुपारी ट्यूबलाइट लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. त्यांची दोन मुलं, एक सातवीत नि एक चौथीत, शाळेनंतर जवळच्याच एका अभ्यासिकेत जातात. अभ्यासिका एका ख्रिस्ती ट्रस्टची आहे. चार ते सात वर्ग, मध्ये खिचडी किंवा केळं, महिन्यातून एकदा डॉक्टर, आणि बायकांचा बचत गट.

मी जुनी पुस्तकं द्यायला गेले होते. तिथल्या दीदींनी पुस्तकं घेतली आणि सरळ विचारलं, "शनिवारी गणित शिकवाल का?" तोंडातून हो निघून गेलं. मग साडेपाच वाजले. सगळ्या मुलांनी वह्या मिटल्या, उभी राहिली, हिंदीत प्रार्थना म्हटली, येशूची एक छोटी गोष्ट झाली आणि मग खिचडी.

घरी आल्यावर सासूबाईंनी फक्त "बरं" म्हटलं. त्यांचं "बरं" ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी "तिकडे पैसे देऊ नका, तुमच्याच पैशातून बाटवतात" असं टाकलं. ताईंना विचारलं, तुम्हाला चालतं का हे? त्या म्हणाल्या, "ताई, तिथं पंखा हाय, लाइट हाय, संडास साफ हाय. दोन मिनिटं हात जोडले तर हात झिजतात का?"

तर प्रश्न असा: जाऊ की नको? आणि पैसे द्यायचे झाले तर आधी काय बघायचं?

दगडफूल
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

खोपोलीचा_राजा
लहानपणी वाडीतल्या दहाही दिवसांच्या आरतीला मी फक्त खोबऱ्यासाठी जायचो. माझं धर्मांतर झालं ते खोबऱ्याकडे. अजून सोलकढीशिवाय जेवत नाही. (दिवा घ्या, म्हणजे हलकंच घ्या.)

स्पष्टवक्ता
ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण भाबडेपणा नको. भुकेल्या मुलासमोर खिचडी ठेवायची आणि आधी प्रार्थना म्हणायला लावायची, हा सरळ सरळ सौदा आहे. आधी खिचडी, मग ज्याला थांबायचं तो प्रार्थनेला थांबेल, असं करून बघा म्हणावं. किती मुलं थांबतात ते मोजा.

सुलभाताई
@स्पष्टवक्ता, हा नियम सगळ्यांना लावा मग. आमच्या संस्कार वर्गात श्लोक आधी आणि चिवडा नंतर असायचा. उलटा क्रम ठेवला असता तर वर्गात मी आणि बाई दोघीच उरलो असतो.

स्पष्टवक्ता
@सुलभाताई, तुमच्या घरचेच श्लोक होते ते. फरक आहे.

हरिहर_वकील
थोडं कायद्याचं बोलतो, म्हणजे निदान भांडण तरी नीट होईल.

घटनेचं कलम 28(3): सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. आता गंमत अशी की अभ्यासिका ही शाळा नव्हे. तिला मान्यता नाही, अनुदानही नाही. म्हणून हे कलम थेट लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण पालकांना विचारायचं हे तत्त्व तिथंही धरून चालायला काय हरकत आहे? विचारा त्यांना, पालकांची लेखी संमती घेता का, आणि त्या कागदावर "प्रार्थना" हा शब्द आहे का. बहुतेक ठिकाणी फॉर्मवर "शैक्षणिक व सांस्कृतिक उपक्रम" एवढंच असतं.

पैशाचं. ट्रस्टची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी बघा, हिशेब मागा. 80जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी मान्यता) असलेल्या संस्थेला उत्पन्नाच्या 5 टक्क्यांपर्यंतच धार्मिक कामावर खर्च करता येतो. मुलं रात्री तिथं राहत असतील तर बाल न्याय कायदा 2015, कलम 41 खाली नोंदणी लागते. ती नसेल तर दुसरं काही न बघता परत या.

दगडफूल
80जीची पावती मिळणार असेल तर प्रार्थना मीसुद्धा म्हणतो. दोन कडवी जास्त.

जुनी_मुंबई
वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी जरा इतिहास उगाळतो. लांबण लागेल, ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे जा.

धागाकर्तीने जिथे पाऊल ठेवलंय तो सगळा भाग महापालिकेच्या एम-पूर्व विभागात येतो. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग सगळ्यात तळाला होता. आणि याच विभागात, देवनारला, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. तिथं समाजकार्य शिकायला देशभरातून मुलं येतात. ही संस्था जन्मली कुठे? नागपाड्यात, एका मिशनच्या केंद्रात.

क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे. हे मिशन म्हणजे 1813 पासून मुंबईत असलेलं, 'ज्ञानोदय' काढणारं, पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक ज्यात होते तेच. मॅनशार्ट 1925 मध्ये इथे आले. मिशनला गरीब वस्तीत काम उभं करायचं होतं, जागा निवडली नागपाडा. शेजारी कामाठीपुरा, आजूबाजूला गिरणी आणि गोदी कामगारांच्या चाळी, वस्तीत मुसलमान, हिंदू, ज्यू, ख्रिस्ती सगळे. तिथं 'नागपाडा नेबरहुड हाऊस' उभं राहिलं. कल्पना लंडनच्या टॉयन्बी हॉलची (1884, तीही एका पाद्र्याचीच) आणि शिकागोच्या हल हाऊसची (1889): सुशिक्षितांनी वस्तीत येऊन राहायचं आणि शेजारी म्हणून काम करायचं. वाचनालय, वर्ग, दवाखाना, खेळ.

वस्तीत काम करता करता त्यांच्या लक्षात आलं की नुसत्या कनवाळूपणाने भागत नाही, याचं शिक्षण हवं. दोराबजी टाटा ट्रस्टने पैसे दिले आणि 1936 मध्ये तिथेच समाजकार्याचं पदव्युत्तर विद्यालय सुरू झालं. मॅनशार्ट पहिले संचालक. 1944 मध्ये नाव बदललं, 1954 मध्ये संस्था देवनारला गेली.

म्हणजे बघा, धर्माच्या पैशातून सुरू झालेलं काम, पुढे पारशी ट्रस्टच्या पैशावर वाढलं आणि आज त्याच्या आवारात कुणाला येशू आठवतही नाही. मिशनच्या दृष्टीने हे यश की अपयश, तुम्हीच ठरवा.

रेल्वेवाला
वा! आणि बास्केटबॉल विसरलात की राव. नागपाड्यातल्या गल्लीबोळांनी भारताला खेळाडू दिले. भारताचे कप्तान, 1970 चे अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसिर तिथलेच. मिशनऱ्यांनी बास्केट लावली आणि पोरं आली, असं तिथले जुने लोक सांगतात. माझे वडील भायखळ्याला लोकोमध्ये होते, संध्याकाळी मॅच बघायला मला खांद्यावर घेऊन जायचे. बायबल वगैरे काही बघितल्याचं आठवत नाही. शिव्या मात्र चार भाषांतल्या तिथेच शिकलो.

स्पष्टवक्ता
एक उदाहरण चांगलं निघालं म्हणून सगळ्या मिशनऱ्यांना प्रमाणपत्र द्यायचं का?

अण्णा_दौंडकर
स्पष्टवक्ता, तुमचा मुद्दा नवा नाही, हा धागा 1893 पासून वर येतोय. :-)

ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला आणलं. विधवांना शिकवायचं, धर्मात ढवळाढवळ करायची नाही, हा शब्द होता. त्यांनी सक्ती केली नाही. पण स्वतः प्रार्थनेला बसताना खोलीचं दार उघडं ठेवायच्या. ज्या मुलीला यायचं ती येई. झालं. 'केसरी' तुटून पडला, आणि रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखेसुद्धा सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

मला दोन्ही बाजू कळतात. उघडं दार ही सक्ती नव्हे. पण ज्या बाईने तुम्हाला बोडक्या डोक्याने कोपऱ्यात बसण्यापासून सोडवलं, तिचं दार उघडं असताना तुम्ही आत डोकावणार नाही, हेही अशक्यच. 1896-97 च्या दुष्काळात याच बाईने उपाशी मुली गोळा करून केडगावला आणल्या. तेव्हा टीका करणाऱ्यांपैकी किती जण गाड्या घेऊन गेले होते? आमच्या आजीचं माहेर केडगावच्या बाजूचं. ती म्हणायची, "बाटल्या खऱ्या, पण जगल्या."

मेलबर्नची_मनू
अण्णा, शेवटच्या वाक्याला दंडवत.

टीपकागद
मी सहसा वाचनमात्र असतो. या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

मी अशाच एका संस्थेचा 'लाभार्थी' आहे. नाव आणि गाव सांगत नाही, संस्था अजून आहे. पाचवी ते दहावी त्यांच्या वसतिगृहात होतो. जेवण बरं होतं, अभ्यास उत्तम होता. इंग्रजी मी तिथेच शिकलो, ज्याच्यावर आज माझं पोट आहे. प्रार्थना रोज दोन वेळा. तिचा मला कधी त्रास झाला नाही, चाली छान होत्या, अजून गुणगुणतो. घरी गणपती बसतो, तेव्हाही एखादी ओळ तोंडात येते आणि बायको डोळे वटारते.

त्रास झाला तो पत्रांचा. आम्हा प्रत्येकाला परदेशातले एक 'काका' किंवा 'मावशी' होत्या. त्या आपल्यासाठी पैसे पाठवतात, म्हणून वर्षातून दोन पत्रं लिहायची. फळ्यावर मजकूर असायचा, गाळलेल्या जागा भरायच्या. "माझे वडील ____ करतात." माझे वडील शेतमजूर, आयुष्यात दारूला शिवले नाहीत. सरांनी वही बघितली आणि म्हणाले, "नुसतं मजूर लिहू नको, आधी प्यायचे असं लिही, काकांना कळलं पाहिजे आपण कुठून आलो." मी अकरा वर्षांचा होतो. लिहिलं. नाताळात काकांचं उत्तर आलं, रंगीत कार्ड, त्यात एक ओळ: तुझ्या वडिलांसाठी आम्ही प्रार्थना करतो. वडील भेटायला आले तेव्हा त्यांनी ते कार्ड हौसेने बघितलं, वाचून दाखव म्हणाले. मी ती ओळ गाळून वाचली.

वडील गेले. कार्ड अजून माझ्याकडे आहे.

म्हणून चेंबूरकरीणताई, प्रार्थनेचं सोडा. भिंतीवर कुणाचे फोटो आहेत, माहितीपत्रकात मुलांबद्दल काय लिहिलंय, आणि त्यांच्या आईबापांबद्दल काय लिहिलंय, ते बघा.

सुलभाताई
काय लिहू, कळत नाही. लिहिलंत ते बरं केलंत.

स्पष्टवक्ता
टीपकागद, मनापासून आभार. आणि हे फक्त मिशनऱ्यांचं नाही, हे मी मान्य करतो. आमच्या ओळखीच्या एका हिंदू संस्थेच्या वार्षिक अहवालातही "व्यसनाधीन, संस्कारहीन घरांतून आलेली मुले" असं छापलं होतं. पोरं तो अहवाल वाचू शकतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मुंब्र्याची_सलमा
आमच्या बाजूने दोन गोष्टी. कौसा-मुंब्र्यातही शिष्यवृत्त्या, शिवणवर्ग, रेशन असं बरंच काही मशिदींच्या आणि जमातींच्या पैशातून चालतं. जकात, म्हणजे आमच्यातलं बंधनकारक दान, कुणाला द्यायची याचे नियम ठरलेले आहेत आणि बहुतेक जण ती मुसलमान गरजूंनाच देतात. सदक्याला, म्हणजे स्वखुशीच्या दानाला, मात्र तशी अट नाही, तो कुणालाही. टाळेबंदीत आमच्या गल्लीतल्या मुलांनी दोन वेगळ्या वह्या ठेवल्या होत्या, एक जकातीची आणि एक सदक्याची. बिहारकडे निघालेल्या हिंदू मजुरांना शिधा गेला तो दुसऱ्या वहीतून. पीठ एकच, पोत्यावर खूण वेगळी. मला तेव्हा हसू आलं होतं, पण आता वाटतं हा हिशेब जास्त प्रामाणिक आहे. कुणाचा पैसा कशासाठी, हे वहीत दिसत होतं.

आणि गोवंडी-मानखुर्दच्या अशा अभ्यासिकांत आमच्या मुलीही जातात. आया आधी चौकशी करतात, मग पाठवतात. त्यांना वेडं समजू नका.

खोपोलीचा_राजा
अवांतर: धर्म आणि खिचडीवरून आठवलं. बंगळुरूला इस्कॉनच्या लोकांनी 2000 मध्ये सुरू केलेल्या 'अक्षय पात्र'च्या शालेय जेवणात कांदा-लसूण नसतो, त्यावरून मध्यंतरी कर्नाटकात मोठा वाद झाला होता. पोरं म्हणे बेचव लागतं म्हणून टाकतात. काही लाख मुलांना ताजं गरम जेवण पोचवणं सोपं काम नाही, हे कबूल. पण बिनकांद्याचं सांबार ही धार्मिक सक्ती मानायची की नाही?

दगडफूल
नाशिककर म्हणून मी ही मानवी हक्कांची पायमल्ली मानतो.

मेलबर्नची_मनू
कांद्याचा भाव बघितलात का यंदा? भाव पडले की आपोआप धर्म सुधारेल.

संपादक मंडळ
कांद्यासाठी वेगळा धागा काढावा ही विनंती.

हरिहर_वकील
मूळ विषयावर येतो. परदेशी पैशाचा मुद्दा टीपकागद यांच्या पत्रांवरून निघाला. परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा देणग्या फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात घ्याव्या लागतात, व्यवस्थापनावरचा खर्च 50 वरून 20 टक्क्यांवर आणला आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला तो पैसा देणं बंद झालं. वस्तीतल्या लहान संस्था मोठ्या संस्थांकडून आलेल्या रकमेवर चालायच्या, त्यांचं कंबरडं मोडलं. म्हणून आता त्या सोसायट्यांच्या दारात येतात. चेंबूरकरीणबाई, तुम्हाला गणित शिकवायला सांगितलं यामागे पगारी शिक्षक परवडत नाही हेही असू शकतं.

रेल्वेवाला
हे असं आहे तर. काकांची पत्रं बंद झाली आणि मावशी चेंबूरहून आली.

टीपकागद
:-) हे आवडलं.

स्पष्टवक्ता
मग प्रश्न असा पडतो की आपण, म्हणजे ज्यांना बाटवण्याची भीती वाटते ते, तिथे पंखा नि साफ संडास असलेली एक खोली का उघडत नाही? हा टोमणा मी स्वतःलाच मारतोय. आमच्या मंडळाकडे मंडपाचे पैसे उरतात, दरवर्षी त्याचा मोठा डीजे होतो.

सुलभाताई
स्पष्टवक्ता, आज तुम्ही खरंच नावाला जागलात.

चेंबूरकरीण
मंडळी, तीन शनिवार झाले. सगळ्यांना उत्तरं द्यायची राहिली, माफ करा. जे बघितलं ते लिहिते.

संमतीचा कागद आहे. हरिहरजी, तुमचं भाकीत अगदी बरोबर निघालं: "शैक्षणिक व सांस्कृतिक". दीदींना विचारलं, प्रार्थना लिहायला काय झालं? त्या म्हणाल्या, सगळ्यांना माहीतच आहे. मी म्हटलं, माहीतच आहे तर लिहा. त्या हसल्या, "बोर्डाला विचारते" म्हणाल्या.

प्रार्थना: तीन मुली ओढणी घेऊन मागच्या भिंतीला टेकून बसून राहतात. उठत नाहीत आणि त्यांना कुणी उठवतही नाही. त्यातली एक तेवढ्या वेळात गृहपाठ उरकते. खिचडी सगळ्यांना सारखी, तिघींनाही. स्पष्टवक्ता, मी मुद्दाम खिचडी वाढणाऱ्या डावाकडे बघत होते. पण एक गोष्ट खटकली. नाताळच्या पिशव्यांसाठी (दप्तर, स्वेटर) कार्यक्रमाला हजेरी लागते, आणि कार्यक्रम म्हणजे अख्खी उपासनाच. त्यावर दीदींनी मला गोलगोल उत्तर दिलं. दोनदा विचारलं, दोन्हीदा गोलगोल.

फोटो: भिंतीवर आहेत, सहलीचे, मुलं दात काढून हसताहेत. माहितीपत्रक मागितलं. इंग्रजी आहे. टीपकागद, त्यात एक वाक्य सापडलं तसलं. घराचं वर्णन होतं, आईबापांवरही घसरले होते. मी ते दीदींसमोर मराठीत मोठ्याने वाचलं. ताईंचा सातवीतला मुलगा शेजारीच बसला होता. दीदी काही बोलल्या नाहीत, पेनाने त्या वाक्यावर रेघ मारली. छापलेल्या बाकीच्या प्रतींचं काय होणार, माहीत नाही.

या दीदी तिथे सतरा वर्षं आहेत. पगार ऐकलात तर हसाल. कोणता मुलगा कुठल्या मजल्यावर राहतो, कोणाच्या आईला क्षयाची औषधं चालू आहेत, कोणाचा बाप कधी घरी नसतो, सगळं तोंडपाठ. आमच्या सोसायटीत मी चौदा वर्षं राहते आणि समोरच्यांच्या मुलीचं नाव मला लग्नपत्रिकेवरून कळलं.

तर पैसे सध्या देत नाहीये. हिशेब मागितलाय, नाताळच्या पिशव्यांचं स्पष्ट उत्तर हवंय, ते आलं की बघू. शनिवारी मात्र जातेय. सासूबाईंना सगळं सांगितलं, परत "बरं" म्हणाल्या, पण या वेळी डब्यात दोन लाडू जास्त होते, ते कुणासाठी हे मी विचारलं नाही.

आता खरी अडचण. ती मागे बसणारी मुलगी उर्दू माध्यमाची. पुस्तक उजवीकडून उघडतं, आतली गणितं मात्र डावीकडून. मी पान चाळते भलत्याच बाजूला आणि ती तोंडावर ओढणी घेऊन हसते. अपूर्णांकांची वजाबाकी तिला मुळीच येत नाही, आणि उर्दूत छेद-अंशाला काय म्हणतात ते मला येत नाही. कुणाला माहीत आहे?

मुंब्र्याची_सलमा
अंशाला शुमारकुनिंदा, छेदाला नसबनुमा. पाठ करू नका, ती तुम्हाला सांगेल, तिलाच विचारा. पोरींना मास्तरीण व्हायला फार आवडतं.

चेंबूरकरीण
शुमारकुनिंदा! हे पाठ करायलाच मला दोन शनिवार लागतील. धन्यवाद सलमा.

अजून एक, सातवीची गणिताची बालभारतीची जुनी पुस्तकं कुणाकडे आहेत का? मराठी चार, हिंदी तीन, उर्दू दोन लागतील.

रेल्वेवाला
मराठीची दोन आहेत, धाकट्याची. आतल्या चित्रांना मिशा काढलेल्या आहेत, चालत असतील तर कुर्ला स्टेशनला आणून देतो.

स्पष्टवक्ता
हिंदीची तीन माझ्याकडून. डीजेच्या वर्गणीतून नाही, स्वतःच्या खिशातून. शनिवारी किती वाजता असता तुम्ही तिथे?